चिमणीचे टायर आणि आजीचं कुंकू

चाकाचा शोध हा मानवाच्या इतिहासातला सर्वांत महान शोध होय, असं शाल्मलीच्या पाठ्यपुस्तकात पहिल्याच पानावर छापलं होतं. शाल्मलीच्या आजीचं मत वेगळं होतं. तो शोध लागला नसता, तर गॅरेजात लोणच्याच्या बरण्या ठेवायला जागा झाली असती, असं ती म्हणे.

ती जागा चिमणीने अडवली होती. चिमणी म्हणजे आजोबांची गाडी. साल होतं २०६८. कोल्हापुरात माणसं गाडीत बसत, पण गाडी चालवत नसत. गाड्या आपल्या आपण चालत आणि आतली माणसं झोपत किंवा भांडत. चिमणीला मात्र स्टिअरिंग होतं, तीन पेडलं होती आणि छप्पर नव्हतं. मोटारसायकलचं इंजिन बसवून आजोबांनी ती तरुणपणी स्वतःच्या हातांनी बांधली होती. वजन फक्त पाचशे किलो. ती इथेनॉलवर (उसापासून काढलेल्या इंधनावर) धावायची. तिच्या धुराला ताज्या रसाचा वास येतो, असं आजोबा सांगत. इतर कुणाला तो वास आजवर आला नव्हता.

आजोबांचं नाव स्वप्नील. त्या पिढीतल्या आजोबांची नावं अशीच असत, आणि आज्या त्यांना सरळ नावाने हाक मारत.

"स्वप्नील, तू या वयात शर्यतीच्या ट्रॅकवर जाणार? गुडघ्याला पट्टा बांधून?"

"स्नेहल, परीक्षा आहे ती. पास झालो तर मानवचालित परवाना (माणसाने स्वतः गाडी चालवायची परवानगी) मिळेल. मग तू आणि मी पुन्हा आंबा घाटात जाऊ. कणसं खाऊ. आठवतं?"

"आठवतं. चार तास गुडघे छातीशी घेऊन बसले होते."

"आणि नापास झालात तर?" शाल्मलीने विचारलं.

"तर चिमणी बागेत जाईल," आजोबा म्हणाले. "इंजिन काढून तिची घसरगुंडी करतात."

परीक्षेचा नियम साधा होता. घरून रस्त्याने ट्रॅकवर जायचं, ठरलेल्या वेगाने वळण घ्यायचं, ओल्या पट्ट्यावर रेघेच्या आत थांबायचं आणि त्याच टायरवर घरी यायचं. संधी दोन.

टायर निवडायला आजोबांना वेळ लागला नाही. आयुष्यभर त्यांनी कारखान्यात ट्रकचे टायर केले होते, पण कॉलेजात असल्यापासून त्यांच्या कपाटाच्या दारावर एका शर्यतीच्या टायरचं चित्र होतं. वीतभर रुंद, जवळजवळ गुळगुळीत, काळाभोर. घरातला यंत्रमानव म्हादू याने तक्ता पाहून दुजोरा दिला. "पकडीला पाच तारे. यापेक्षा चिकट टायर जगात नाही."

नव्या टायरची पूजा झाल्याशिवाय गाडी दाराबाहेर काढायची नाही, हा आजीचा नियम. तिने ओलं हळदकुंकू टायरच्या सगळ्या रुंदीवर फासलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. आजोबांनी गाडी बाहेर काढली. लिंबू चिरडलं. सगळं शास्त्राप्रमाणे झालं.

ट्रॅकवर पहिल्याच वळणाला चिमणी साबणावरून घसरावी तशी सरळ गवतात गेली.

परीक्षक बाई म्हणाल्या, "आजोबा, पुढच्या रविवारी या." त्यांनी आवाज फार मऊ ठेवला होता, त्यामुळे जास्तच लागलं.

घरी परतल्यावर आजोबा गॅरेजातल्या स्टुलावर बसून राहिले. शाल्मलीला काही कळेना. जगातला सगळ्यात चिकट टायर घसरलाच कसा? तिने टायरला हात लावला.

"आजोबा, हा गारच आहे! माठासारखा."

"सव्वीस अंश," म्हादू म्हणाला. "हे रबर ऐंशी अंशांच्या पुढे चिकट होतं. तक्त्यात तळटीप आहे."

"तळटीप तू आधी का वाचली नाहीस रे?"

"कुणी विचारली नाही."

आजोबा स्टुलावरून उठले. त्यांच्या चेहऱ्यावर काही वेगळंच दिसत होतं. "माझ्या मामाचं गुऱ्हाळ होतं, शाल्मली. हिवाळ्यात पहाटे सगळा गाव धुरात आणि गोड वासात बुडालेला असायचा. तू गुळाची ढेप पाहिलीस ना? गार असली की दगड. थोडी तापली की बोटाला चिकटते. फार तापली की पाक होऊन वाहते. रबराचंही तसंच. प्रत्येक रबराचं एक कार्यतापमान (ज्या उष्णतेत ते नीट पकड घेतं ती पातळी) असतं. मी शर्यतीचा गूळ आणला आणि तो तापवलाच नाही."

"मग तापवायचा कसा?"

आजोबांनी तारेचा तुकडा दिला. "एकाच जागी भराभर वाकव आणि सरळ कर." शाल्मलीने केलं. थोड्या वेळाने तार वाकते तिथे बोटाला चटका बसला.

"टायर फिरताना असाच सारखा दबतो आणि सुटतो. जड गाडी त्याला जोरात दाबते, म्हणून तो लवकर तापतो. आपली चिमणी..."

"दाबतच नाही!"

"हलकी म्हणून तर लाडकी होती," आजोबा म्हणाले आणि उगाचच चष्मा पुसू लागले.

तेवढ्यात शाल्मलीचं लक्ष पांढऱ्या फरशीकडे गेलं. सकाळी गाडी बाहेर पडताना कुंकवाचे ठसे उमटले होते. टायर वीतभर रुंद, आजीने कुंकू पार कडेपर्यंत फासलेलं, पण ठसा जेमतेम चार बोटांचा. फक्त मधला.

"आजी, तू कडेला कमी लावलंस का?"

"देवाच्या कामात कमी? मी?" आजी भडकली.

आजोबा गुडघ्याचा पट्टा विसरून फरशीवर बसले. "ही स्पर्शखूण (टायरचा जमिनीला खरोखर टेकलेला भाग)! म्हादू, हवा किती भरली होतीस?"

"तक्त्याप्रमाणे."

"तक्ता दोन टनांच्या गाडीचा आहे रे बाबा! एवढ्या हवेने टायर फुगून टणक झाला. हलक्या गाडीखाली तो मधल्या फुगवट्यावरच उभा राहिला. रुंद टायर आणला आणि चार बोटंच वापरली."

मग निवड नव्याने सुरू झाली. आजोबांनी अरुंद टायर मागवले, थोड्या उबेतही चिकट होणाऱ्या रबराचे. त्यांना खोल खाचा होत्या.

"खाचांनी रबर कमी झालं की. पकडही कमी होणार," शाल्मली म्हणाली.

"कोरड्यात थोडी होईल. पण ओल्यात पाणी जाणार कुठे? खाच म्हणजे पाण्याचा पाट. पाट नसला तर गाडी पाण्यावर तरंगते आणि ब्रेक नुसता शोभेला उरतो."

"तक्त्यात यांना तीनच तारे आहेत," म्हादू म्हणाला. "मऊ रबर लवकर झिजतं. फार टिकणार नाहीत."

"मलाही फार टिकायचं नाही. जमेल आमचं."

आठवडाभर गॅरेजात कुंकू फासणं चाललं. हवा जास्त असली की ठसा मधे. फार कमी केली की दोन कडा उमटत आणि मधे पोकळ. हळूहळू सोडत, भरत, शेवटी एक ठसा काठापासून काठापर्यंत सारखा लाल उमटला. शाल्मलीने टाळ्या वाजवल्या.

"देव्हाऱ्यातलं कुंकू संपलं," आजी म्हणाली. पण ठसा बघायला ती वाकली होतीच.

रविवारी शाल्मली आजोबांशेजारी बसली. दोन फेऱ्या त्यांनी गाडी मुद्दाम डावीउजवीकडे झुलवली. टायर उबदार झाले. मग ते वळण आलं. शाल्मलीने डोळे मिटले. मान एका बाजूला ओढली गेली, आणि डोळे उघडले तेव्हा चिमणी वळणापलीकडे होती. आजोबा हसत होते, अगदी त्या कपाटाच्या दारासमोर उभ्या असलेल्या पोरासारखे. ओल्या पट्ट्यावर खाचांतून पाण्याची कारंजी उडाली. गाडी रेघेच्या हातभर अलीकडे थांबली.

"पास," परीक्षक बाई म्हणाल्या. मग हळूच, "आजोबा, धुराला रसासारखा वास येतो का हो?"

आजोबांना त्या दिवशी परवान्यापेक्षा हेच वाक्य जास्त आवडलं.

पुढच्या शनिवारी चिमणी आंबा घाट चढू लागली. वारा कानांत घुसत होता. दिवसाढवळ्या आकाशात फिकट चंद्र दिसत होता.

"आजोबा, चंद्रावर सगळंच हलकं असतं ना? मग तिथल्या गाडीला कसले टायर लावायचे?"

"तिथल्या थंडीत रबर काचेसारखं तडकेल. तारेच्या जाळीचं चाक असेल कदाचित. किंवा अजून कुणाला सुचलंच नसेल असं काही."

"मला सुचेल," शाल्मली म्हणाली. "पण तिथे ठसा बघायला कुंकू न्यावं लागेल."

"तिथे धूळच इतकी आहे की ठसे फुकट मिळतील."

घाटमाथ्यावर कणसांच्या गाडीशी ते पोहोचले, तेव्हा आजीचं दुसरं कणीस चालू होतं. ती बसने आली होती.