कोंडलेली ऊब

श्रावणातल्या त्या दुपारी मोरेश्वरराव गुप्ते छत्री घेऊन लोणावळ्याच्या बाजारात निघाले, ते आज अल्लाउद्दीन कंत्राटदाराला घेऊनच परतायचं असं ठरवून. वाटेत ते मनाशी बोलणं जुळवीत होते. फार कडक बोललो तर माणूस बिथरेल, मऊ बोललो तर उद्यावर टोलवील. मुंबईच्या कॉलेजात सारी उमर पदार्थविज्ञान शिकवलेला माणूस, पण भाजीवाल्याशी वाद घालतानाही आपलंच चुकत नसेल ना, ही शंका त्यांना आधी यायची.

तक्रार मात्र खरी होती. बंगल्याच्या मागल्या खोलीत अल्लाउद्दीननं भिंतीत शेकोटी बांधून दिली होती, वर धुराडं काढलं होतं. लेक मनोरमा बाळंतपणाला आली होती आणि तिचे दिवस भरत आले होते. गेल्या पावसाळ्यात तिचं पहिलं मूल गारठ्यानं छाती भरून गेलं होतं. "बाबा, या खेपेला खोली कोरडी असू द्या," एवढंच ती म्हणाली होती. तिची आई हयात नव्हती, म्हणजे जे करायचं ते यांनीच. आणि शेकोटी पेटत होती, लाकडं लालबुंद होत होती, धूर सरळ वर जात होता. खोली मात्र विहिरीच्या तळासारखी गार.

अल्लाउद्दीन आला, पण वाटभर कुरकुरत.

"प्रोफेसरसाहेब, लाकूड ओलं असंल."

"चुलीवरच्या फळीवर वाळवलंय."

"मग खिडकीतून वारा..."

"खिडकीला गोणपाट तुम्हीच ठोकलंत ना, अल्लाउद्दीनभाई?"

"मग आता आगीला शपथ घालू का, हिकडंच तोंड करून बस म्हणून?"

हसतच तो शेकोटीपुढं उकिडवा बसला आणि निखाऱ्यांवर हात धरला. हसू तिथंच विरलं. त्यानं हात आणखी आत नेला, अगदी जाळात. मोरेश्वररावांच्या तोंडून "अहो!" निघून गेलं. हात बाहेर आला तेव्हा मनगटावरचा केससुद्धा होरपळला नव्हता.

"मागं जाऊन बघू," तो हळूच म्हणाला.

मागं घराच्या दोन भिंतींमधल्या कोपऱ्यात चिखल होता. पाऊस तिरका झोडपत होता. शेवाळलेल्या भिंतीवरून पाणी ओघळत होतं. शेकोटीच्या बरोबर पाठीमागं, जमिनीपासून छातीपर्यंत, भिंतीचा एक तुकडा तेवढा कोरडा ठणठणीत होता. पाण्याचे ओघळ तिथवर येत आणि दोन्ही बाजूंनी वळून खाली जात. जवळ गेल्यावर जळक्या ओव्याचा वास आला.

मोरेश्वररावांनी तळवा टेकवला. भिंत उबदार होती, अंग उबदार असतं तशी.

त्यांना हायसं वाटलं. कारण सापडलं की त्यांचा जीव भांड्यात पडत असे. "बघा! विटा पातळ घातल्यात तुम्ही. सगळी उष्णता बाहेर जातेय."

"दीड वीट घातलीय, साहेब. आन् ऊब गेली तर भिंतभर जाईल. ही एवढ्याच जागेत गेलीय." अल्लाउद्दीननं बोट न लावता त्या कोरड्या जागेची कड हवेतच दाखवली. वर निमुळती, खाली पसरट. "बघा तुम्हीच. भिंतीला पाठ लावून, मांडी घालून कुणी बाई बसावी तशी न्हाई दिसत?"

"काहीतरीच!"

"शेकोटीचा पाया खोदताना हितं तीन दगडांची चूल निघाली होती. राखेत काचेच्या बांगड्या. तुम्हाला विचारलं, तुम्ही म्हणालात भरणीत टाका." त्यानं कपाळावरचं पाणी निपटलं. "पूर्वी हितं गावाबाहेर कुणा बाळंतिणीची खोप असंल. साहेब, ताईंची बाज दुसऱ्या खोलीत घाला. बाजेखाली शेगडी ठेवा. हितली ऊब जिला जातीय तिला जाऊ द्या."

आपण असं म्हणालो होतो? मोरेश्वररावांना आठवेना. म्हणालोही असू... पण बाकीच्या खोल्या गळत होत्या, आणि भुताखेताच्या गोष्टीवर पोटच्या पोरीचा जीव कसा टांगणीला लावायचा? त्यांनी घसा साफ केला. "हा कोपरा भिंत घालून बंद करा. वर पत्रे टाका. कोंडलेली हवा ऊब धरून ठेवते. मी हे शिकवलंय."

"बरं. एक लहान दार ठेवतो."

"दार कशाला? दारातून पुन्हा ऊब जाईल."

"हवेसाठी न्हाई म्हणत मी." अल्लाउद्दीननं त्या कोरड्या जागेकडं पाहिलं. "बाहेर जाणाऱ्याला वाट असावी."

"दार नको म्हणजे नको! एकदा चुकीचं काम केलंत, आता दुसऱ्यांदा तरी माझं ऐका."

हा टोमणा अल्लाउद्दीनला झोंबला. त्यानं कोपरा चिरेबंद करून दिला, आणि शेवटचा चिरा बसल्यावर घटकाभर भिंतीला कान लावून उभा राहिला.

त्याच संध्याकाळी मागली खोली तापली. भिंती सुकल्या, गोधड्यांचा कुबट वास गेला. त्या उबेत मनोरमेला मुलगी झाली, गुटगुटीत. बऱ्याच दिवसांनी मोरेश्वररावांना वाटलं, आपलं बरोबर होतं.

आठवड्यानं अल्लाउद्दीन आपणहून आला. दिवस असूनही ढगांनी काळोख केला होता. "या, या! आता सांगा," म्हणत मोरेश्वरराव त्याला मागं घेऊन गेले. सुईण झुंबरबाई खोलीच्या उंबऱ्याबाहेर ओलसर फरशीवर बसली होती.

"झुंबरबाई, आत उबेला बसा की."

"आत जागा कुटं हाय?" ती खाली बघून म्हणाली.

आत मनोरमा बाजेवर गाढ झोपली होती. शेकोटीजवळ दुपट्यात मुलगी. बाकी खोली रिकामी. अल्लाउद्दीन शेकोटीपुढं वाकला, राखेत बोटं घातली आणि तसाच राहिला.

"ही कधी विझली?"

"परवा," उंबऱ्याबाहेरून झुंबरबाई म्हणाली. "लाकूड आलंच न्हाई. ऊब हाय तश्शी हाय."

पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"साहेब..." अल्लाउद्दीनचा आवाज कुजबुजीवर आला होता. "पहार संगं आणलीय. भिंत फोडू?"

मोरेश्वररावांनी गोणपाट लावलेल्या खिडकीकडं पाहिलं. भिंत फुटली की हा गारठा आत शिरणार. गेल्या वर्षीचे ते निळे पडलेले चिमुकले ओठ त्यांच्या डोळ्यांपुढं आले. आणि नाही फोडली तर... "थांबा," ते म्हणाले. "पाऊस जरा ओसरू द्या. मग बघू."

"आबा," झुंबरबाई मोरेश्वररावांना म्हणाली. ती अजून खालीच बघत होती. "कालपास्नं पोर आईच्या अंगावर पीत न्हाई. तोंडच फिरवती. पर भुकेली न्हाई ती... पोट बघा तिचं."

मोरेश्वरराव नातीशेजारी बसले. पोट टम्म होतं, श्वास संथ. गाल उबेनं लाल झाले होते. ओठांच्या कडेला दुधाचा एक थेंब होता. त्यांनी तो बोटानं टिपला.

थेंब बर्फासारखा गार होता.