उगाचचा खोकला

"तुम्ही आधी खाली बसा बरं."

दवाखान्याच्या व्हरांड्यात ती उभ्यानं बाबांना सूप भरवत होती आणि बाबा खोकून लाल झाले होते. जाता जाता थांबलेल्या त्या अनोळखी माणसानं तिच्याकडे स्टूल सरकवलं.

"तुम्ही उभ्या, म्हणून ते मान वर करून तुमच्याकडे बघतात. वर बघत गिळलं की घास वाट चुकतो." त्यानं बाबांची पाठ सरळ केली, हनुवटी अलगद छातीकडे झुकवली. "हं, काका. आता गिळा."

घास सुखरूप उतरला.

अर्धांगानं बाबांची उजवी बाजू गेली होती, शब्दही जवळजवळ गेले होते. माणसांना गिळायला शिकवणं हेच त्या माणसाचं काम. मग तो दर गुरुवारी घरी येऊ लागला. घसा उजवीकडे अधू, म्हणून मानही उजवीकडेच वळवायची – दुबळी बाजू मिटते, घास धडधाकट बाजूनं जातो. ती बाबांच्या उजवीकडे बसायला शिकली.

आठवड्याचे बाकीचे दिवस घरात बोलायचा तो फ्रिजच.

"तुम्ही कधी जेवता?" त्यानं एकदा विचारलं.

"नंतर. ओट्याशी, उभ्या उभ्या. मला कुठे ठसका लागतो…"

"म्हणून कुणी विचारत नाही वाटतं?"

ती हसली.

एका गुरुवारी तो बॅग आवरत म्हणाला, "काकांना छान जमतंय. आता माझी गरज नाही."

"बरं झालं," ती म्हणाली आणि धुतलेली वाटी पुन्हा धुवायला घेतली.

तेवढ्यात सूपच्या वाटीपुढे बसलेले बाबा जोरात खोकले.

तो वाकला. "काका, आ म्हणा."

"आऽऽ."

"आवाज स्वच्छ आहे, घशात काही अडकलेलं नाही. आणि तुम्ही अजून चमचाही उचललेला नाही." त्यानं डोळे बारीक केले. "मग हा खोकला कशाचा?"

बाबांनी तिच्याकडे बोट केलं. शब्द एकेक ओढून आणला.

"हिला… बोलता… येत नाही."

तिचे कान तापले. नळ तसाच वाहत होता. तिनं तो बंद केला.

"काम नसलं तरी… गुरुवारी येत जाल?"

त्यानं बॅग खाली ठेवली.

"गुरुवारीच का?"

दोघं एकमेकांकडे बघत राहिली.

"सूप… गार," बाबा म्हणाले.