प्रेषक ओळखीचा नाही

मिरजेच्या उमराणी द्रवशाळेत डायलिसिसच्या द्रवाची चाचणी दुपारीच उरकली होती. माल उत्तम होता, तरी भरलेले टँकर फाटकाशी अडकून पडले होते. रुग्णालयाला ई-मेलने बिल पोचल्याशिवाय टँकरचे कुलूप उघडत नसे. आठवडाभर एकही बिल जात नव्हते आणि रुग्णालयांतला साठा तळाला गेला होता. पडद्यावर दर वेळी एकच उत्तर येई: प्रेषक ओळखीचा नाही.

जुन्या हिशेब-प्रणाली दुरुस्त करणारी चारुलता बेडगे सकाळपासून झटत होती. तिने सर्व्हरची जोडणी तपासली, प्रमाणपत्र बदलले, बिलाची फाइल स्वतः जोडून पाहिली. प्रणाली म्हातारी होती, पण तिच्यात दोष नव्हता.

"मग अडलंय कुठे?" मालक वीरेंद्र उमराणींनी विचारले. ते स्वतः रसायनतज्ज्ञ होते. मोघम उत्तर त्यांना चालत नसे.

"ई-मेल नेणारं टपालजाळं आता पासवर्ड मागत नाही, सर. तो चोरता येतो. ते सवयठसा पाहतं. बोटं किती वेगानं चालतात, कुठं थांबतात, कुठली चूक करून मागं येतात. आजवर बिलं कोण पाठवायचं?"

"मुजावरचाचा. झटका आला त्यांना. उजवा हात गेला."

तिने बिलावरचा प्रेषकाचा पत्ता पाहिला आणि कपाळाला हात लावला. प्रणाली घेतली तेव्हा कारखान्याला ई-मेल नव्हता, म्हणून इस्माईल मुजावरांचा खासगी पत्ताच घातला होता. घरचाच माणूस, त्यात काय, असे म्हणून पुढे कुणी तो बदललाही नाही. नव्या पत्त्याची सवय ओळखायला टपालजाळ्याला काही महिने लागतात. डायलिसिसवरचे रुग्ण काही दिवसही थांबू शकत नाहीत.

एकच वाट उरली होती. जुन्या प्रणालीत चाचांच्या बोटांची वर्षानुवर्षांची नोंद होती. त्यावरून चारुलताने हुबेहूब त्यांच्यासारखे टंकणारी सवयनक्कल बांधली. चाचांनी फोनवरून हसत परवानगी दिली. हात गेला तर गेला, काम नको जायला, म्हणाले. पहिले बिल गेले, कुलूप उघडले. उमराणींनी सगळ्यांना चहा सांगितला.

चहा येईपर्यंत चाचाच काठी टेकत आले. डाव्या हातात मोबाइल होता. पेन्शन, दवाखाना, घराचे दार, सगळे त्याच पत्त्याला जोडलेले. डाव्या हाताने लिहिलेले पत्र मात्र परत आले होते.

"बेटा, हे वाच जरा. मी चोर झालोय म्हणे."

चारुलताने वाचले. एकाच पत्त्यावर दोन सवयी दिसत होत्या. जुनीशी जुळणारी ती धारकाची, दुसरी घुसखोराची. पुढचे पत्र जुन्याच सवयीने गेले, तर घुसखोराला कायमचे रोखण्यास धारकाची संमती आहे असे धरले जाईल.

"पुढचं बिल आत्ता सुटेल," ती हळूच म्हणाली. "म्हणाल तर नक्कल बंद करते. ती गप्प राहिली तर हळूहळू जाळं तुमचा डावा हात ओळखायला लागेल. पण टँकर तोवर इथंच राहतील."

उमराणी खिडकीबाहेर पाहू लागले.

"पुढचं बिल कुणाचं?" चाचांनी विचारले.

"सांगलीच्या रुग्णालयाचं. उद्या सकाळपुरताही द्रव नाही त्यांच्याकडे."

चाचा खुर्चीत टेकले. पडद्यावर अक्षरे उमटत होती. रुग्णालयाचे नाव चुकले, सुधारले गेले. पिनकोडापाशी अक्षरे क्षणभर थांबली. चाचा टक लावून बघत होते.

"हा मीच आहे म्हणतेस?"

"जाळ्याच्या लेखी, हो."

"मग मला कशाला विचारतेस? त्यानं दवाखान्याचं बिल कधी अडवलंय का?"

चारुलताचा हात नक्कल बंद करायच्या बटणाजवळच राहिला. बिल गेले. फाटकाशी कुलूप खटकन उघडले. चाचांच्या डाव्या हातातला मोबाइल थरथरला आणि त्यांनी तो न वाचताच तिच्याकडे दिला. आपण ओळखीचे नाही, आपले नाव सांगा, असे त्यावर लिहिले होते.