झोळीतलं वजन

बुधवार होता की गुरुवार, इथेच माझी गाडी अडते. मागच्या वेळी मी गुरुवार म्हणालो होतो, असं ही धाकटी नात म्हणते, आणि ती खोटं बोलत नाही. तर बुधवार धरा. अकरा जानेवारी, रात्रीचे पावणेबारा. वेळ मात्र पक्की, कारण अक्का वेळ लिहून ठेवायची.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आरोग्य उपकेंद्रात नर्स होती. लग्न केलं नाही. केंद्रामागच्या दोन खोल्यांत एकटी राहायची. मी त्या रात्री तिथं नव्हतो. तिनं मला हे तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा एकसारखं. आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलेल्या माणसानं असलं काही सांगत बसावं याची मला लाज वाटते. पण तुम्ही ऐकणार, आणि मी सांगणार.

एक माणूस मोटारसायकलवरून तिला बोलवायला आला. आठ महिन्यांच्या मुलाला सकाळपासून जुलाब, उलट्या. अक्कानं बॅग घेतली, सलाईनच्या दोन बाटल्या घेतल्या आणि भिंतीवरचा वजनकाटा काढला. वरती गोल तबकडी, खाली कापडी झोळी. झोळीत मूल ठेवायचं, तबकडीवर सुई फिरते.

"ताई, वजन कशाला? विकायचंय थोडंच त्याला?" तो म्हणाला. घाबरलेला माणूस असंच काहीतरी बोलतो.

"वजनाशिवाय मी थेंबही देत नाही. धर ही पिशवी."

घर रस्त्याच्या टोकाला. एक दिवा. मूल आजीच्या मांडीवर. आई भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. तिनं वर पाहिलं नाही.

अक्कानं मूल पाहिलं. डोळे खोल गेलेले. ओठ कोरडे. रडण्याचं तोंड करत होतं, पण आवाज नाही, पाणी नाही. तिनं पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. घडी तशीच उभी राहिली. हळूहळू बसली.

"लघवी कधी झाली?"

"सकाळी," आजी म्हणाली. "दुपारपासून ओरडतेय, दवाखान्यात न्या म्हणून. पण या घरात मी म्हणजे जुना रेडिओ. वाजतो, ऐकत कोणी नाही."

अक्कानं डॉक्टरांना फोन लावला. दवाखान्याची गाडी यायला दोन तास तरी लागणार होते. तोवर मूल टिकलं नसतं.

"सिस्टर, तुम्हीच सलाईन लावा. किलोला तीस मिली, पहिल्या तासात. कमी नको. जास्तही नको हं, बारकं पोर आहे, छातीत पाणी साठेल. वजन किती?"

"करते. फोन चालू ठेवा."

तिनं काटा छताच्या तुळईला टांगला. झोळी अडकवली. मूल ठेवण्याआधी सुई शून्यावर आहे का, हे बघायची तिची सवय होती.

सुई शून्यावर नव्हती.

तीन किलो आठशे.

तिनं शून्य जुळवायचा स्क्रू फिरवला. सुई हलली नाही. झोळी काढली. शून्य. झोळी अडकवली. तीन आठशे.

रिकामी झोळी लोंबते. ही ताणलेली होती. आणि सुई थरथरत होती. आत जिवंत मूल असलं की थरथरते, तशी.

भिंतीकडून आवाज आला.

"आधी तिला उतरवा."



मग आजी हळू म्हणाली, "जुळी होती. मुलगी दुसऱ्या महिन्यात गेली. सुनेच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नका, ताई."

तुला भीती नाही वाटली का, असं मी अक्काला विचारलं होतं. "काहीच वाटलं नाही रे," ती म्हणाली. "पोराची नाडी हाताला लागत नव्हती."

तिनं सलाईनच्या दोन्ही बाटल्या झोळीत ठेवल्या. एक किलो. सुई चार आठशेवर गेली. म्हणजे स्प्रिंग ठीक होती. बाटल्या काढल्या. मूल ठेवलं.

दहा किलो.

"सिस्टर, वजन?"

दहा म्हटलं तर तीनशे मिली. वजाबाकी केली तर एकशे शहाऐंशी. यातला एक आकडा त्या पोराला वाचवणार होता, दुसरा...

"सहा किलो दोनशे," अक्का म्हणाली.

"नक्की?"

अक्कानं पुन्हा एकदा सुईकडे पाहिलं.

"सिस्टर?"

"नक्की."

तिसऱ्या प्रयत्नात शीर सापडली. दर पाव तासाला ती पूर्ण मिनिटभर श्वास मोजत होती. दीड वाजता मूल रडलं. डोळ्यात पाणी आलं.

दोनला गाडी आली. मुलगा वाचला. आज नववीत आहे, गणितात कच्चा.

अक्कानं झोळी काढली. ती जड होती. तिनं ती पिशवीत कोंबली नाही, हातावर घेतली. आई मुलाला घेऊन गाडीत बसली होती. तिनं पहिल्यांदाच वर पाहिलं.

"तिला तुम्ही नेताय ना?"

अक्कानं झोळी छातीशी धरली.

"हो," म्हणाली.

गाडीचं दार लागलं.

यापुढचं मला अक्कानं सांगितलेलं नाही. ती गेल्यावर मी तिच्या खोल्या आवरल्या. एक वही मिळाली. वहीवर नाव नाही. दर महिन्याची अकरा तारीख आणि पुढे वजन. तीन आठशे. चार पाचशे. पाच शंभर. अशी पाच वर्षं. मी ते आकडे मुलींच्या वाढीच्या तक्त्यावर एकेक करून मांडले. रेघ जराशी खाली होती, पण वाढ चांगली होती. दुसऱ्या वर्षी, ऑगस्टात, एकदम आठशे ग्रॅम उतरले होते. सप्टेंबरात भरून निघाले.

एकटं माणूस, काहीबाही लिहितं, अशी मी मनाची समजूत घातली. ती बरीच वर्षं टिकलीही.

मग मागच्या वर्षी काही कागदांसाठी मला तिची नोकरीची फाईल पाहावी लागली. त्याच ऑगस्टातला रजेचा अर्ज त्यात आहे. नऊ दिवसांची रजा, साहेबांच्या सहीनं मंजूर. कारणाच्या रकान्यात अक्काच्या अक्षरात तीन शब्द आहेत. मी चष्मा पुसून दोनदा वाचले.

घरी मूल आजारी.