बाटलीवरचा फुगा

"मम्मा, बलून एवढा मोठा झाला होता," चिन्मयीने दारातच दोन्ही हात पसरून दाखवलं.

गॅरेजमधून घरात उघडणाऱ्या दारात मंजिरी मास्क काढता काढता तशीच थांबली. लेकीच्या हातात गुलाबी फुगा होता... हवा गेलेला, सुरकुतलेला, ताणून ताणून पांढरट पडलेला.

"कुठला फुगा?" तिने विचारलं. उत्तर ठाऊक असूनही विचारलं.

"बॉटलवरचा. आजीने काढला, तर फुस्स झालं. मग आजीने काढा गरम केला. वी आर ऑल वेटिंग फॉर यू."

घरभर दालचिनी, लवंग आणि संत्र्याच्या सालीचा वास कोंदला होता. पण डेअरीच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं दुधाचे नमुने हुंगलेलं मंजिरीचं नाक त्या वासाच्या खाली गेलं, आणि तिथे तिला दुसरा वास सापडला. आंबूस, यीस्टचा, किंचित गोडसर.

साथ सुरू झाल्यापासून, म्हणजे मार्चपासून, या घरात एक नियम होता. बाहेरून आलं की शूज गॅरेजमध्ये, कपडे मशीनमध्ये, आधी साबणाने हात, मग घरात पाऊल. नियम तिनेच केलेला आणि आजवर तिनेच काटेकोर पाळलेला. आज मात्र ती शूजसकट धावत आत गेली.

इथे ऑस्ट्रेलियात जुलैत कडाक्याची थंडी, म्हणून लोक हौसेने जुलैतच एक जादा नाताळ साजरा करतात. लग्नानंतर अमेरिकेत असताना मंजिरी सफरचंदाच्या रसाचं मसालेदार सायडर करायला शिकली होती. टार्निटला घर घेतल्यापासून दर जुलैत ती पेटीभर सफरचंदं आणायची, रस काढून मलमलीतून गाळायची, गाळ बसेपर्यंत लांब गळ्याच्या काचेच्या बाटलीत फ्रीजमध्ये ठेवायची आणि मग मसाला घालून उकळायची. इथे सायडर म्हटलं की लोकांना दारूच वाटते, म्हणून घरात त्याला सफरचंदाचा काढा म्हणत. त्यात दारूचा थेंबही नसे. नसेच, याची खात्री करण्यासाठी मंजिरी बाटलीच्या तोंडावर फुगा बसवायची. रस आंबू लागला की वायू सुटतो, वायू सुटला की फुगा उभा राहतो. रोज सकाळी फ्रीज उघडून ती आधी फुगा बघायची. तो मान टाकून लोंबकळत असला, की तिचा दिवस सुरू व्हायचा.

एवढी काळजी कशासाठी, ते घरात दोघांनाच ठाऊक होतं. तिला आणि तिच्या दिराला, नचिकेतला. आणि तिकडे दूर दुसऱ्या राज्यात, कालगुर्लीच्या खाणीवर, राज्याची सीमा बंद झाल्यामुळे महिनोन् महिने अडकून पडलेल्या तिच्या नवऱ्याला, श्रीनिवासला.

दोन वर्षांपूर्वी नचिकेत चिन्मयीला पोहण्याच्या क्लासहून आणताना गाडी घेऊन थेट चौकातल्या राउंडअबाउटवर चढला होता. पोरीला खरचटलंसुद्धा नाही, पण दार उघडताच मंजिरीला त्याच्या श्वासाचा वास आला होता. त्या संध्याकाळी तो तिच्यापुढे लहान मुलासारखा रडला. "वहिनी, मी सोडतो. जिथे पाठवशील तिथे जातो. पण आईला कळू देऊ नकोस. तिने बाबांचं सगळं सोसलंय... परत माझंही नको."

श्रीनिवास आणि नचिकेतचे वडील दारूपायी गेले होते. त्यांच्या आईने, वीणाताईंनी, दोन्ही मुलांना एकटीने वाढवलं होतं, आणि माझ्या मुलांनी कधी थेंबाला स्पर्श केला नाही, हे त्या पुण्यात चारचौघांत मान ताठ ठेवून सांगत. तो अभिमान मोडायचं धैर्य मंजिरीला झालं नाही. मग पुण्याला एवढंच कळलं, की मोठ्या सुनेला धाकटा दीर घरात नकोसा झाला आणि तिने त्याला बाहेर काढलं. व्यसनमुक्ती केंद्रातल्या त्याच्या कठीण दिवसांवर तिने स्वतःच्या बदनामीचं पांघरूण घातलं, आणि ते आजवर उचललं नाही.

या फेब्रुवारीत वीणाताई तीन महिन्यांसाठी म्हणून आल्या आणि विमानं बंद झाली. पाठोपाठ कंत्राट गेलेला नचिकेतही पुन्हा या घरात राहायला आला. दारू सोडलेल्यांच्या ज्या गटात तो जायचा, त्याच्या बैठका आता फोनवर भरत. आईला ऐकू जाऊ नये म्हणून तो गॅरेजमध्ये, गाडीत बसून त्या करी. वीणाताईंना दिसे ते एवढंच, की आपला मुलगा थंडीत गॅरेजमध्ये बसतो.

"काय ग, आता घरात बसायचीही बंदी का त्याला?" त्या विचारायच्या.

"ऑफिसची मीटिंग असते, आई."

"नोकरी नाही आणि ऑफिसची मीटिंग?"

मंजिरी भांडी आवरायला घ्यायची. तिला टोमण्यांचं भय नव्हतंच. तिला भय होतं कोपऱ्यावरच्या बॉटलशॉपचं, दारूच्या दुकानाचं. लॉकडाऊनमध्ये शाळा बंद, देऊळ बंद, बागेतले झोपाळे टेपने बांधलेले, आणि ते मात्र उघडं. नचिकेत फिरून यायला जरा उशीर झाला, की ती खिडकीपाशी जाऊन उभी राहायची...

या आठवड्यात लॅबमधले निम्मे लोक विलगीकरणात गेले, आणि दोन दिवस ती पहाटे जाऊन चिन्मयी झोपल्यावर घरी येत होती. त्या दोन दिवसांत तिने फ्रीज उघडला नव्हता.

जेवणाच्या टेबलावर वीणाताईंनी चिन्मयीचे कागदी तारे मांडले होते. डब्याला टेकवलेल्या फोनवर श्रीनिवास हसत होता. पातेल्यातून वाफ येत होती. आणि नचिकेतच्या हातात कप होता.

"आलीस? ये, बस," वीणाताई आज कधी नव्हे त्या खुशीत होत्या. "तुझा काढा मीच केला. फ्रीजमध्ये नुसता थंड पडला होता बिचारा. इडलीचं पीठ ओव्हनमध्ये दिवा लावून ठेवते ना मी, त्याच्याच शेजारी ठेवली बाटली. म्हटलं, छान मुरेल. फार उकळलाही नाही, नाहीतर चव जाते. नुसता वाफ येईपर्यंत गरम केला. तू दमून येतेस, म्हटलं एक काम तरी हलकं होईल."

मंजिरीचं अर्धं लक्ष त्या शब्दांकडे होतं. ती नचिकेतकडे बघत होती. कप त्याच्या नाकाशी होता आणि डोळे मिटलेले होते... त्याला कळलंय, ती समजली. मसाल्याखालचा तो वास त्याच्याइतका कोण ओळखणार? कळलंय, आणि तरीही हात खाली येत नाहीये.

"घे ना रे," वीणाताई म्हणाल्या. "माझ्या हातचं आहे."

कप ओठांकडे चालला. आईला नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागणार, आणि कारण सांगायचं नाही म्हणून तर ही दोन वर्षं...

"नचिकेत, कप खाली ठेव."

"का ठेवायचा?" वीणाताईंचा आवाज चढला.

मंजिरीने पुढे होऊन त्याच्या हातातून कप ओढून घेतला. गरम काढा तिच्या मनगटावर सांडला. तिने कप सिंकमध्ये टाकला, पातेलं उपडं केलं. चिन्मयी रडू लागली.

"बघितलंस श्रीनिवास?" वीणाताई उठल्या. "माझ्या मुलाच्या तोंडचा घोट काढून घेतला हिने. घराबाहेर काढलं, गॅरेजमध्ये बसवलं, तरी मी गप्प बसले. एवढा कसला आकस ग तुझा? काय घोडं मारलंय त्याने तुझं?"

एका वाक्यात उत्तर देता आलं असतं. ते वाक्य मंजिरीच्या ओठांपर्यंत आलं... आणि तिने ते गिळलं.

"मला तो द्यायचा नव्हता," ती म्हणाली. "म्हणून ओतला."

"वहिनी, बस झालं." नचिकेत उभा राहिला होता. त्याचे हात टेबलाची कड घट्ट धरून होते. "आई, वहिनीने मला कधीच बाहेर काढलं नाही. मी दारू पीत होतो. बाबांसारखी. चिन्मयी गाडीत असताना पिऊन गाडी चालवली मी. वहिनीने मला केंद्रात भरती केलं, आणि तुला कळू नये म्हणून सगळं स्वतःवर घेतलं. मीच तसं मागितलं होतं तिच्याकडे."

"काहीतरी बोलू नकोस. तिची बाजू घ्यायला..."

"तो रस आंबला होता, आई. त्याची दारू झाली होती. थोडी असेल, पण झाली होती. मला वास आला." तो सिंकमधल्या कपाकडे बघत होता. "वास आला, आणि तरी मी पिणार होतो."

वीणाताईंनी ओट्यावरची रिकामी बाटली उचलली. तिच्यात मसाला पडला नव्हता, तळाशी नुसता फेसाळ रस उरला होता. त्यांनी ती नाकाजवळ नेली, आणि बघता बघता त्यांच्या चेहऱ्यावरचा राग विझून गेला.

"ह्यांच्या शर्टाला यायचा हा वास," त्या अगदी हळू म्हणाल्या. "मी धुवायची... आणि आज मीच ओतून दिला तुला."

फोनवर श्रीनिवासचं चित्र मघापासून तोंड उघडं ठेवून गोठलं होतं. ते एकदम हललं. "हॅलो? आवाज येतोय का?"

"तुला ठाऊक होतं?" वीणाताईंनी विचारलं.

"...हो, आई."

"आणि ही एकटी माझं ऐकून घेत होती."

वीणाताईंनी फोन पालथा घातला आणि त्या सिंकशी आल्या. मंजिरी भाजलेलं मनगट जॅकेटच्या टोकात गुंडाळून उभी होती.

"आई, लांब राहा. बाहेरून आलेय मी. हात धुतले नाहीत अजून."

"दे इकडे."

वीणाताईंनी नळ सोडला. आधी भाजलेल्या मनगटावर गार पाण्याची धार धरली, बराच वेळ. मग साबण घेऊन त्यांनी सुनेची बोटं एक एक करून धुतली, नखांपाशी, अंगठ्याच्या बेचक्यात, जसं मार्चमध्ये तिनेच त्यांना शिकवलं होतं. त्यांची आसवं पाण्यात पडत होती. मंजिरीला कितीतरी दिवसांनी हुंदका फुटला, आणि मग तो थांबेना.

"मला क्षमा मागताही येत नाहीये ग," वीणाताई म्हणाल्या. "तू किती ऐकून घेतलंस..."

"आई, तुम्हाला माहीतच नव्हतं."

"विचारलंही नाही ना मी कधी."

पाठीमागे नचिकेत चिन्मयीला मांडीवर घेऊन बसला होता. थोड्या वेळाने तो उठला. "माझी मीटिंग आहे," तो आईकडे बघत म्हणाला. वीणाताईंनी खांद्यावरची शाल काढून त्याच्या हातात दिली.

"गाडीत कशाला बसतोस? माझ्या खोलीत बस. दार लावून घे."

उरलेल्या सफरचंदांचा रस वीणाताईंनी रविवारी मंजिरीला विचारून विचारून काढला आणि बाटलीत भरला.

सोमवारी कामावर निघण्याआधी मंजिरी नेहमीसारखी स्वयंपाकघरात आली. फ्रीजचं दार उघडंच होतं, आणि त्याच्या पिवळ्या उजेडात वीणाताई स्वेटर घालून उभ्या होत्या. बाटलीच्या तोंडावर नवा, निळा फुगा होता.

"नाही ना ग फुगला?" त्यांनी कुजबुजत विचारलं. "मला मघाशी वाटलं, जरासा हलला."

मंजिरीने वाकून बघितलं. फुगा मान टाकून लोंबकळत होता.

"दार उघडल्याच्या वाऱ्याने हलला असेल. नाही फुगला, आई."

"किती दिवस बघायचं असतं हे?"

आतल्या खोलीतून नचिकेतच्या खोकण्याचा आवाज आला. दोघींनीही तिकडे बघितलं.

"रोज," मंजिरी म्हणाली.

वीणाताईंनी मान हलवली आणि फ्रीजचं दार अलगद लावलं. "बरं. उद्यापासून मी बघत जाईन. तू अर्धा तास जास्त झोप."