पहिली जागा सोडून

प्रबोध क्रीडा मंडळाचा इतिहास लिहायचं काम धम्मपालच्या गळ्यात पडलं ते त्याच्या अक्षरामुळे. भोईवाड्यात कबड्डी खेळणारे पोत्याने सापडतात, शुद्ध लिहिणारा एखादाच. त्यातून हा शीवच्या शाळेत विज्ञान शिकवणारा आणि वीस वर्षं मंडळाचा गुणलेखक, म्हणजे सामन्यातला प्रत्येक गुण वहीत टिपणारा. ‘सर, पन्नास वर्षं झाली मंडळाला, स्मरणिका जाडजूड पाहिजे,’ असं म्हणत कार्यकर्त्यांनी जुन्या गुणपत्रिकांची पत्र्याची ट्रंक त्याच्या घरात आणून टाकली आणि ते मोकळे झाले.

जाडजूड करायची तर मंडळाने काही जिंकलेलं असायला हवं होतं. मुलग्यांचा संघ कधीच मोडला होता. मुलींचा टिकून होता, पण तो दुसऱ्या फेरीच्या पुढे गेल्याचं कुणाला आठवत नव्हतं. धम्मपालला एरवी याचं हसू आलं असतं. पण दोन वर्षांपासून त्याची मुलगी नूपुर याच संघातून खेळत होती आणि तिची चढाई पाहिलेला माणूस हसत नसे. मुलगी शिडशिडीत, केस बारीक कापलेले, आणि दम असा लांब की समोरच्यांनाच धाप लागावी. जिल्ह्याच्या निवड समितीची माणसं उपांत्य फेरीपासून मैदानावर फिरकतात. नूपुरचं कुमारी गटातलं हे शेवटचं वर्ष होतं. म्हणजे यंदा संघ उपांत्य फेरीत गेला नाही, तर तिचा खेळ बघायला कुणी येणारच नव्हतं.

ट्रंक उघडली तेव्हा कसरीचा भुगा आणि ओल्या मातीचा वास आला. ट्रंक कोरडी होती.

कबड्डीत बाद झालेल्या खेळाडूंनी मैदानाच्या मागे ओळीने बसायचं असतं, ज्या क्रमाने बाद झाले त्या क्रमाने. समोरचा एक गडी बाद केला की आपला पहिला बसलेला उठून परत आत येतो. पण प्रबोधच्या मुलींना पहिल्या दिवसापासून शिकवलं जाई: पहिली जागा सोडून बसा. जी आधी बाद होई ती दुसऱ्या जागेवर बसे. आणि सामन्यात पहिल्यांदा कुणाला परत घ्यायची वेळ आली, की प्रशिक्षक राधाबाई खणखणीत आवाजात ओरडत, “गुणवंती, आत!” त्या नावाची मुलगी संघात नव्हती. पंच दहा सेकंद थांबत, कुणी येत नसे, समोरच्यांना एक गुण मिळे आणि प्रबोधची एक मुलगी कमीच राही. बाहेरच्यांना वाटे, ही यांची काहीतरी घोषणा असेल. धम्मपालला वाटे, शिस्त असेल.

आता वह्या सालवार लावल्यावर त्याला दिसलं, की १९८६च्या फेब्रुवारीपर्यंत हाच संघ अंतिम सामने खेळत होता. त्यानंतर प्रत्येक सामन्यात पहिल्या परतीपुढे दोनच शब्द होते: ‘परत नाही’. एकोणचाळीस वर्षं. चार गुणलेखकांची अक्षरं. चौथं त्याचं स्वतःचं. आपण हे शेकडो वेळा लिहिलं आणि एकदाही विचारलं नाही, याची त्याला शरम वाटली.

राधाबाई आता चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये अठराव्या मजल्यावर राहत. साठी उलटलेली, पण पाठ ताठ.

“लिवायचा नाय हां ता,” त्या आधीच म्हणाल्या.

“राधाबाई, लिहायचं की नाही ते नंतर बघू. गुणवंती कोण?”

त्यांनी खिडकी लावून घेतली. मग सांगितलं. वरळी कोळीवाड्यातली पोर, सतरा-अठरा वर्षांची, कमरेपर्यंत वेणी. राधाबाई तेव्हा कप्तान. इथेच, भोईवाड्याच्या मैदानावर, लाल मातीत उपांत्य सामना. गुणवंती बाद होऊन पहिल्या जागेवर बसली होती. तेवढ्यात तिचा काका दोरीपाशी येऊन हाका मारायला लागला. बापाची होडी परत आली नव्हती.

“ती अर्धी उठली रे. मी वरडलंय तिच्यावर. म्हटलं, बस खाली. मी नाव घेईपर्यंत उठायचं नाय. ती बसली. माझ्याकडे बघत बसली.” राधाबाईंनी पदराने हात पुसले, ते कोरडेच होते. “दोन मिनटात आम्ही त्यांची एक बाद केली. मी वळून हाक मारली, गुणवंती, आत! जागा रिकामी. चपला तिथेच. चार-पाचशे माणसं बघत होती, दिवसाढवळ्या. कोणी तिला उठताना बघितलं नाय. घरी पोचली नाय ती. कधीच नाय.”

“पळून गेली असेल. घाबरून.”

“अशी कशी जाईल? मी उठू नको सांगितलेलं.” त्या हे अगदी साधेपणाने म्हणाल्या. “म्हणून मी दर वेळेला नाव घेतंय. तिची पाळी तिला देतंय. बाकी काय करू मी?”

धम्मपालला वाईट वाटलं आणि रागही आला. वडिलांनी त्याला लहानपणापासून शिकवलं होतं, की विचारल्याशिवाय काही मानायचं नाही. एका बाईच्या मनातला सल एकोणचाळीस वर्षं पोरींच्या बोकांडी बसला होता. मंडळाच्या बैठकीत तो हे स्पष्ट बोलला. प्रथा बंद, असं ठरलं.  राधाबाई उठताना फक्त म्हणाल्या, “मग त्या जागेवर बसणार कोण?”

मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. तेव्हा नूपुर हसून म्हणाली, “मी बसते ना. पप्पा, तुम्ही लिहा तुमच्या पुस्तकात. इतिहास घडला म्हणून.”

त्याला तिचा अभिमान वाटला. ही गोष्ट तो पुढे कुणालाच सांगू शकला नाही.

दुसऱ्या फेरीचा सामना रविवारी सकाळी दादरच्या एका हॉलमध्ये होता. मातीचं मैदान आता कुठे उरलंय. निळी मॅट, वर पत्रा, पंखे गरगर फिरत होते. धम्मपाल गुणलेखकाच्या टेबलाशी बसला. मंडळाचा प्रफुल्ल वरच्या गॅलरीतून मोबाइलवर सामना टिपत होता. नूपुरने पहिल्या तीन चढायांत चार गुण आणले. पाचव्या मिनिटाला तिची पकड झाली.

ती गुडघ्याचं आवरण सारखं करत मागे गेली आणि पहिल्या जागेवर बसली. मांडी घालून, पाठ ताठ. टेबलाकडे बघून तिने अंगठा दाखवला.

हॉलमध्ये ओल्या मातीचा वास आला. पाणी मारून चोपलेल्या मैदानाला येतो तसा. धम्मपालने आजूबाजूला पाहिलं. शेजारचा पंच नाक खाजवत होता.

पुढच्याच चढाईत प्रबोधने समोरची एक मुलगी कोपऱ्यात धरली. शिट्टी वाजली. पंचाने प्रबोधच्या बाजूला हात केला: एक परत.

कप्तान मुलीने हाक मारायची असं ठरलं होतं. तिने तोंड उघडलं. त्याआधीच राधाबाईंचा आवाज आला. त्या खुर्चीवर बसल्या होत्या, दोन्ही हात स्वतःच्या तोंडावर घट्ट दाबलेले, आणि तरी आवाज त्यांचाच होता.

“गुणवंती, आत!”

नूपुर उठली.

धम्मपालने सुटकेचा श्वास सोडला. वहीत ‘परत नाही’ लिहायला उचललेलं पेन थांबवून त्याने लिहिलं: ‘परत’.

तिने मॅटवर डावा पाय टाकला. मग उजवा. निळ्या मॅटवर पावलं उमटली. लाल, ओली.

ती चढाईला गेली. दम घुमला. आवाज नूपुरचाच होता, पण थोडा लांबून, मोकळ्या मैदानातून आल्यासारखा. समोरच्या मुली मागे सरकल्या. त्या डावपेच म्हणून सरकत नव्हत्या.

प्रबोधने सामना सतरा गुणांनी जिंकला. मुली किंचाळत एकमेकींच्या गळ्यात पडल्या. तिला कुणीही मिठी मारली नाही. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

राधाबाई तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या, तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि एकदम रडू लागल्या. “आलीस,” एवढंच म्हणाल्या.

घरी आल्यावर ती सरळ मोरीत गेली. बराच वेळ पाणी पडत राहिलं. मोरीतून बाहेर येणारं पाणी लाल होतं. धम्मपालने स्वतःला समजावलं, जिंकल्यावर कुणीतरी गुलाल उधळला असेल. गुलाल कुणी आणलाच नव्हता.

मग ती येऊन दाराशी जमिनीवर बसली. मांडी घालून, पाठ ताठ.

“नूपुर, चल जेवायला,” वैशालीने आतून हाक मारली. ती धम्मपालची बायको, सकाळची ड्यूटी करून नुकतीच इस्पितळातून आलेली.

ती हलली नाही.

“नूपुर! अगं भात निवतोय.”

तिने मानही वळवली नाही. डोळे उघडे होते, चेहऱ्यावर लक्ष देऊन वाट बघणाऱ्या माणसाचा भाव. वैशाली पदराला हात पुसत बाहेर आली, तिने खांदा हलवला, आणि हात झटकन मागे घेतला. “अहो, किती गार पडलीय ही. डॉक्टरांना फोन करू?”

धम्मपालच्या जे मनात आलं त्याची त्याला भीती वाटत होती, आणि ते करून बघितल्याशिवाय राहवतही नव्हतं. जन्मभर प्रयोग शिकवलेला माणूस. तो अगदी हळू, ओठातल्या ओठात म्हणाला,

“गुणवंती, आत.”

ती उठली आणि जेवायला बसली.

त्याच वेळी त्याचा मोबाइल वाजला. प्रफुल्लने व्हिडिओ पाठवला होता. खाली लिहिलं होतं, ‘सर हे बघा ना. मला काय समजत नाय.’

तो गॅलरीत जाऊन बघत राहिला. सामना दिसत होता. नूपुर बाद झाली, मागे जाऊन पहिल्या जागेवर बसली. शिट्टी वाजली. राधाबाईंची हाक ऐकू आली. मॅटवर एक मुलगी धावत आत गेली. तिचा चेहरा एकदाही कॅमेऱ्याकडे वळला नाही. पाठीवर लांब वेणी होती.

नूपुर बसलेलीच होती.

पूर्ण सामनाभर बसलेली. बाद होणाऱ्या मुली तिच्या शेजारी येऊन बसत होत्या, उठून जात होत्या. ती दोनदा उठायला गेली, आणि तिला उठता आलं नाही. ती खेळाकडे बघत नव्हती. गुणलेखकाच्या टेबलाकडे बघत होती, जिथे तिचा बाप मान खाली घालून लिहीत होता. तिचं तोंड हलत होतं. तिचा आवाज तेवढा रेकॉर्ड झाला नव्हता.

तो तसाच दादरला गेला. हॉलला कुलूप होतं. रखवालदाराला विनवून आत गेला तेव्हा मॅट गुंडाळून कोपऱ्यात उभी केली होती आणि फरशी पुसलेली होती. पहिली जागा जिथे होती तिथे तो गुडघ्यावर बसला. नूपुर, उठ, नूपुर, आत, असं बोलत राहिला. रखवालदाराने शेवटी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि “साहेब, चला” म्हणत त्याला बाहेर आणलं.

स्मरणिका छापून झाली. त्यात १९८६चा उल्लेख नाही. संघ उपांत्य फेरीत गेला नाही, कारण प्रथा पुन्हा सुरू झाली आणि ती धम्मपालनेच सुरू केली. राधाबाईंनी मैदानावर यायचं सोडलं. आता मुलींना तोच शिकवतो. नवीन मुलगी आली की आधी सांगतो, पहिली जागा सोडून बस. मुली कारण विचारतात. तो सांगत नाही.

पहिल्या परतीची वेळ आली, की तो उभा राहतो आणि छातीतला सगळा दम लावून ओरडतो, “नूपुर, आत!”

मग दहा सेकंद. तो ती मोठ्याने मोजतो, होता होईल तेवढी सावकाश.

कालही त्याने हाक मारली. घरातली ती तेव्हा बाद होऊन बसली होती, कुणी न सांगताच दुसऱ्या जागेवर, शेजारच्याला ऐसपैस जागा द्यावी तशी जरा सरकून. तो मोजत होता आणि तिच्याकडे बघणं टाळत होता. आठव्या सेकंदाला बघितलंच.

ती त्याच्याकडे बघत होती. तिचा डावा हात शेजारच्या रिकाम्या जागेवर होता. जमिनीला टेकलेला नव्हता. बसलेल्या माणसाच्या खांद्याइतका वर होता, आणि ती तो जोर लावून खाली दाबत होती.