डिकीतला डाग

डिकीत डोकं घालून मी विचारलं, "डॉक्टर केळी विकायचे का हो?"

बाहेर उभा असलेला मुलगा गडबडला. अजिंठा चौफुलीजवळ जुन्या गाड्यांचा गाळा त्याने नुकताच टाकला होता, आणि 'डॉक्टरांची गाडी, नुसती शहरात चाललेली' असं मिनिटभरापूर्वीच मला छातीठोकपणे सांगितलं होतं.

"ते... ऑइलचे डाग आहेत, मॅडम."

"हा केळीचा चीक आहे. लागतो तेव्हा पाण्यासारखा, मग काळा पडतो आणि जन्मभर निघत नाही. मी सावद्याची आहे. ही गाडी बागेत घड वाहत होती."

त्याने वाकून डागावर बोट घासलं. "मी शिंदखेड्याचा. आमच्याकडे कापूस. मला काय कळणार? विकणाऱ्याने चांगलंच बनवलं की मला!"

त्याचे कान लाल झाले होते. मी हसू दाबत स्कूटीला किक मारली.

मी हेमांगी, फिजिओथेरपिस्ट. एक जूनपासून दवाखान्याची नोकरी सोडून घरोघरी जाऊन पेशंट बघायचं ठरवलं होतं. मेहरूणपासून महाबळपर्यंत दिवसाला नऊ घरं, आणि जळगावचं ऊन! बजेट तीन लाख. छोटी, पेट्रोलवरची, गल्लीत सहज वळणारी आणि सिग्नलला थांबत थांबतही ॲव्हरेज देणारी गाडी हवी होती. महिना संपायच्या आत ती मिळाली नाही, तर सगळा बेत पाण्यात जाणार होता.

दोन दिवसांनी तिथूनच चालले होते. त्या गाडीच्या काचेवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं दिसलं – 'केळीच्या बागेत चाललेली. भाव कमी.'

मी स्कूटी वळवली. "आता दाखवा दुसरी," मी म्हटलं.

त्याचं नाव योगेंद्र. पुढचे तीन रविवार आम्ही गाड्याच पाहिल्या. पद्धत माझी होती – टाकी काठोकाठ भरायची, एसी लावून गणेश कॉलनी, रिंग रोड, आकाशवाणी चौक असं गर्दीत तीस किलोमीटर फिरायचं, परत त्याच पंपावर टाकी भरायची. किती पेट्रोल बसलं, त्यावरून ॲव्हरेज.

"कंपनी बावीस सांगते," तो म्हणायचा.

"कंपनी आकाशवाणी चौकात सहा वाजता थांबते का?"

"मॅडम, तुमच्याशी लग्न करणाऱ्याची टाकी रोज तपासणार तुम्ही..." म्हणाला आणि जीभ चावली.

सगळ्या बायकांना तो ताई म्हणायचा. मला मात्र मॅडम. माझ्या ते केव्हाच लक्षात आलं होतं.

दुसऱ्या रविवारी एक सिल्व्हर गाडी मिळाली. भर गर्दीत सतरा! पेपर चोख, टायर बरे. मी खूश होऊन म्हटलं, "सावद्याला आमच्या आप्पांना, म्हणजे वडिलांना, दाखवते आणि घेते."

त्याचा चेहरा उतरला. "नको... हिचा क्लच गेलाय. आणखी एक-दोन बघू."

क्लचला काहीही झालं नव्हतं. तीस किलोमीटर मीच तर चालवली होती! तरी मी गप्प बसले. तिसऱ्या रविवारी दोन भंगार गाड्या पाहिल्या, उसाचा रस प्यायलो आणि घरी येताना मी स्कूटीवर गुणगुणत होते. मला तो आवडला होता. साफ आवडला होता.

आणि अठ्ठावीस तारखेला सिल्व्हर गाडी गाळ्यातून गायब! शेजारचा पंक्चरवाला म्हणाला, "सकाळीच गेली, ताई." म्हणजे जास्त पैसे देणारं गिऱ्हाईक मिळेपर्यंत मला झुलवत ठेवलं होतं तर. गाडी गेल्याचं नव्हे, त्या झुलवण्याचं वाईट वाटलं. डोळ्यांत पाणीच आलं.

संध्याकाळी दारात हॉर्न वाजला. सिल्व्हर गाडी. आतून योगेंद्र उतरला. पांढऱ्याशुभ्र शर्टावर खांद्यापासून पोटापर्यंत तपकिरी ओघळ.

मी बघतच राहिले. "तुम्ही बागेत गेला होतात?"

"सावद्याला. आप्पांना गाडी दाखवली. तिथे घड कापणं चालू होतं. ते म्हणाले, 'शर्ट काढून ठेव भाऊ, चीक लागीन.' मला वाटलं, पाणीच तर आहे... घेतला घड खांद्यावर."

"पांढऱ्या शर्टावर? अहो, आमच्याकडे पोरंसुद्धा असं करत नाहीत!"

तो हसला नाही. जमिनीकडे बघत त्याच्या घरच्या बोलीत म्हणाला, "मी खोटं बोलनू. क्लच बठ्ठा चांगला शे." मग हळूच, "गाडी घेतली असती तर तुम्ही परत आल्या नसत्या. आप्पांना तेही सांगून टाकलं."

"मग आप्पा काय म्हणाले?"

"म्हणाले, गाडी चांगली आहे. तुझं तू तिलाच विचार." त्याने चावी पुढे केली. "विचारू?"

मी चावी घेतली. "क्लच चांगला आहे हे मला त्याच दिवशी कळलं होतं."

"मग बोलल्या का नाहीत?"

"रविवार संपले असते ना..."

त्याने वर पाहिलं. कान पुन्हा लाल.

मी त्याच्यासाठी शेजारचं दार उघडलं. "बसा. आणि हा शर्ट टाकू नका. हा डाग आता निघायचा नाही."

"माहीत आहे," तो म्हणाला आणि आत बसला.